कोळशाखालचा चिखल

परळीच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा येतो तो रेल्वेने. 1971 मध्ये इथला पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून वाघिणींमागून वाघिणी इथे रिकाम्या होत आल्या आहेत. मराठवाड्यात कोळशाची एकही खाण नाही, तरी 2013 च्या दुष्काळात हे केंद्र बंद ठेवावं लागलं ते पाण्यावाचून. दगड शेकडो किलोमीटरवरून येतो आणि पाणी शेजारून मिळत नाही, ही बीड जिल्ह्याची जुनीच रड आहे.

हा कोळसा गोंडवनी थरांतला. पूर्व विदर्भात, तेलंगणात, ओडिशात आणि झारखंडात जमिनीखाली हे थर आहेत. देशातली कोळशावरची बहुतेक वीजकेंद्रं त्यांच्यावरच चालतात. कोळशाचे थर उलगडत खाली खाली गेलं की शेवटी एक विचित्र खडक लागतो. हिरवट, मातकट, बारीक कणांचा. आणि त्यात वाट्टेल तसे रुतून बसलेले लहानमोठे धोंडे. खाणवाल्याच्या दृष्टीने हा कोळशाचा तळ. इथे आला की वेधन थांबवायचं. भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने मात्र हा सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी बर्फाच्या प्रचंड थराखाली मळला गेलेला चिखल आहे. तो ओळखायला सव्वाशे वर्षं लागली, आणि त्या शोधातला एक निर्णायक पुरावा महाराष्ट्रात, पैनगंगेच्या काठी सापडला.

बीडमध्ये हा चिखल का सापडत नाही, हे इथे विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच एखादी तांबडी पट्टी, आणि पुन्हा पाषाण. बालाघाटचा डोंगर, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी, सगळं या एकाच दगडातलं. हा दगड म्हणजे बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. बर्फाच्या मानाने अगदी कालपरवाचा. त्याच्याखाली काय आहे याचा अंदाज शेजारच्या लातूर जिल्ह्यातून मिळाला. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल वेध घेतला, तेव्हा 338 मीटर बेसाल्ट संपल्यावर जेमतेम 8 मीटर गाळ लागला आणि लगेच अतिप्राचीन स्फटिकी पाया सुरू झाला. गोंडवनी कोळशाचा थर तिथे नाही, त्याखालचा चिखलही नाही. आपल्या भागाच्या इतिहासाच्या वहीतली ती पानंच फाटलेली आहेत. ती वाचायची तर पूर्वेला जावं लागतं.

पहिलं पान उघडलं ते ओडिशातल्या तालचेर संस्थानात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची कायमची घडी थॉमस ओल्डहॅम यांनी 1851 पासून बसवायला घेतली होती आणि सरकारला हवा होता कोळसा. 1855 मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोन भाऊ नोकरीवर रुजू झाले. दोघेही विशीतले. त्यांना आणि विल्यम थिओबाल्ड यांना तालचेरच्या कोळसा क्षेत्राच्या पाहणीला धाडलं गेलं. कोळशाखालच्या थरात त्यांना तो धोंडेभरला हिरवट खडक दिसला आणि कोळसा बाजूला ठेवून ते त्याच्यापाशीच अडकले.

अडचण साधी होती. ग्रॅनाइटचे आणि नाईसचे धोंडे, काही इतके मोठे की दहा माणसांना हलणार नाहीत, अगदी तलम गाळात बसलेले होते. एवढा धोंडा वाहून आणणारं पाणी तलम गाळ जागेवर ठेवणार नाही. तो कधीच पुढे निघून जाईल. आणि गाळ सावकाश खाली बसू देईल असं संथ पाणी धोंडा उचलू शकणार नाही. दोघांना एकत्र आणून टाकणारं वाहन एकच, बर्फ. या तरुणांनी 1856 च्या आपल्या अहवालात तसं लिहिलं. स्वित्झर्लंडच्या लुई अगासी यांनी युरोपवर एकेकाळी बर्फाचे थर पसरले होते हे ठासून मांडणारं पुस्तक 1840 मध्ये काढलं होतं आणि खुद्द युरोपात त्यावर अजून वाद चालू होता. अशा वेळी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, जिथे उन्हाळ्यात पायाखालची वाळू पोळते तिथे, बर्फाची गोष्ट करणं हे धाडसच. त्यांनीही सावधपणे नदीच्या तळाशी गोठणाऱ्या बर्फाचा आधार घेतला. डोंगराएवढ्या हिमनदीचं नाव काढलं नाही.

यातल्या धाकट्याची, हेन्रीची, पुढची हकिगत थोडी आडवाटेची आहे. पण दुष्काळी जिल्ह्यातल्या वाचकाला ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेन्री ब्लॅनफर्ड भूविज्ञान सोडून हवामानाकडे वळले आणि 1875 मध्ये नव्या भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख झाले. पाठोपाठ 1876 ते 78 चा भीषण दुष्काळ पडला. पावसाचा अंदाज आधी सांगता येईल का, असं सरकारने विचारलं. 1884 मध्ये त्यांनी मांडलं की हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ साठला की पुढचा मान्सून ओढ देतो. 4 जून 1886 रोजी भारतातला पहिला अधिकृत दीर्घकालीन पावसाचा अंदाज निघाला तो याच आधारावर. मृग कोरडा जाणार की नाही, याचं उत्तर बर्फात शोधणारा हा माणूस विशीत तालचेरच्या धोंड्यांत बर्फ शोधून आला होता.

पण तालचेरचा पुरावा अर्धवटच होता. धोंडे होते, पण ते ज्यावरून घासत आले ती फरशी नव्हती. ती मिळाली चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे.

1870 च्या दशकात वर्धा खोऱ्यात कोळशासाठी धांदल उडालेली होती. वरोऱ्याला सरकारी खाण निघाली, सर्वेक्षणाचे टी. डब्ल्यू. एच. ह्यूज त्या खोऱ्याचा नकाशा करत होते. त्यांचा मोठा अहवाल 1877 मध्ये छापला गेला. नागपूरच्या परिसरातले जीवाश्म त्याआधीच स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा करून लंडनपर्यंत पोचवले होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना ते ओढ्याच्या पुरात बुडून गेले आणि पुढचं काही पाहायला राहिले नाहीत. कोळशाच्या या सगळ्या थरांना हेन्री मेडलिकॉट यांनी गोंडांच्या राज्यावरून गोंडवन हे नाव दिलं. चांदा ही त्याच गोंड राजांची राजधानी.

चांद्यापासून दहा मैलांवर, पश्चिम-नैर्ऋत्येला, पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. चंद्रपूरजवळची इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं. या गावापाशी नदीने वरचे थर खरवडून खालची चुनखडी उघडी पाडली आहे. ही पैनगंगेची चुनखडी फार जुनी, तालचेरच्या थरापेक्षाही कित्येक पटींनी. तिच्याच जातीच्या दगडावर आज त्या परिसरातले सिमेंटचे कारखाने चालतात. सर्वेक्षणाचे फेडन इथे पोचले तेव्हा त्यांना ही चुनखडी घोटून गुळगुळीत झालेली आणि एकाच दिशेने जाणाऱ्या सरळ, समांतर ओरखड्यांनी भरलेली दिसली. काही ओरखडे केसासारखे बारीक, काही ठिकाणी चांगल्या खोबणी. आणि त्यावर लगेच तोच धोंडेभरला खडक. त्यातल्या धोंड्यांच्याही एखाददुसऱ्या अंगाला सपाट घासलेलं पृष्ठ आणि तसेच ओरखडे. ओल्डहॅमनीही ही जागा पाहिली. फेडन यांचं टिपण 1875 मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात आलं. उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फाचा पुरावा, असा त्याच्या मथळ्याचाच रोख होता.

नदी दगड घोटते, पण तिच्या तळच्या दगडावर सरळ रेघा उमटत नाहीत. पाणी खळगे पाडतं, वळसे घेतं, कडा गोल करतं. दरड कोसळली तर ओरखडे पडतात, पण ते उतारावर आणि तेवढ्यापुरते. सपाट फरशीवर, एका दिशेने, इतक्या शिस्तीत रेघा ओढायच्या तर धोंडा वरून घट्ट दाबून धरणारा आणि तरीही पुढे सरकत राहणारा कुणीतरी लागतो. सरकत्या बर्फाच्या बुडात रुतलेला धोंडा नेमकं हेच करतो. त्यात त्याचं स्वतःचं एक अंग झिजून सपाट होतं, मग तो थोडा वळतो आणि दुसरं अंग घासलं जातं. इरईत छिन्नी आणि फरशी एकाच जागी सापडली होती.

पुरावा पक्का झाला आणि कोडं अधिकच बिकट झालं. 20 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर बर्फ आला कसा? कुणी उंच पर्वत कल्पिले, कुणी तरंगते हिमखंड. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये सदरलँड यांनी तसाच धोंडेभरला खडक बर्फाचा म्हणून ओळखला होता. ऑस्ट्रेलियातही सेल्विन यांना 1859 मध्ये बर्फाच्या खुणा दिसल्या होत्या. 1875 मध्ये हेन्री ब्लॅनफर्डनी भारत आणि आफ्रिका यांना जोडणारं जुनं खंड मांडलं. एडुआर्ड झ्यूस यांनी 1885 मध्ये त्या हरवलेल्या भूमीला गोंडवनाचंच नाव दिलं. तरी सगळ्यांत मोठी विसंगती तशीच राहिली. भारतातला एकूण पुरावा बर्फ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकल्याचं सांगत होता. आजचा नकाशा समोर ठेवला तर त्याचा अर्थ असा की बर्फ विषुववृत्ताच्या बाजूने निघून ध्रुवाकडे गेला!

उत्तर हवामानशास्त्रज्ञानेच दिलं. आल्फ्रेड वेगेनर यांनी 6 जानेवारी 1912 रोजी फ्रँकफुर्टच्या व्याख्यानात खंडं सरकतात असं सांगितलं. 1915 च्या पुस्तकात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत गोंडवनातलं हे बर्फ त्यांचा लाडका पुरावा होता. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवा, म्हणजे सगळे ओरखडे एकाच बर्फाच्या पसाऱ्यातून बाहेर पडताना दिसतात. भूवैज्ञानिकांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली. 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच वेगेनर वारले आणि 1960 च्या दशकापर्यंत त्यांना न्याय मिळाला नाही. त्याच दशकात, 1963 मध्ये, ए. जे. स्मिथ यांनी इरईची फरशी नव्या नजरेने तपासून ती खरोखर हिमनदीचीच असल्याचं प्रसिद्ध केलं.

इथवरची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला मात्र तिच्यात एक पोकळी खटकते. शंभर वर्षं सगळ्यांनी धोंडे पाहिले, ओरखडे पाहिले, त्यांची दिशा मोजली. धोंड्यांमधला चिखल कुणी धड पाहिला नाही. तो नुसता भराव समजला गेला. बर्फ म्हणजे एक कठीण लादी, खाली कठीण जमीन, मध्ये सापडलं ते चिरडलं गेलं, एवढंच चित्र डोक्यात होतं.

ते बदललं आइसलंडमध्ये. 1970 च्या दशकात जेफ्री बोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रेइदामेर्कुर्योकुत्ल या हिमनदीच्या कडेतून बोगदा खणला आणि थेट बर्फाखालच्या चिखलात खुणेचे तुकडे रोवले. काही दिवसांनी उकरून पाहिलं तर खुणा पुढे सरकून वाकल्या होत्या. वरच्या सगळ्यांत जास्त, खालच्या कमी. त्यांच्या मोजणीत तिथल्या बर्फाच्या पुढे जाण्यापैकी 88 टक्के वाटा या चिखलाच्या आतल्या विरूपणाचा निघाला. म्हणजे बर्फ जमिनीवरून घसरत होता तो नावापुरता. त्याला पाठीवर घेऊन जमीनच चालत होती.

मग अंटार्क्टिका. पश्चिम अंटार्क्टिकात बर्फाचे काही प्रवाह आहेत, आजूबाजूच्या संथ बर्फातून वेगाने वाहणारे. त्यांतला एक, आज व्हिलन्स या नावाने ओळखला जाणारा, सुमारे एक किलोमीटर जाड असून दिवसाला मीटरभर सरकत होता, आणि तेही जवळजवळ सपाट उतारावर. इतक्या कमी उतारावर इतका वेग हिशोबात बसेना. 1986 मध्ये ब्लँकनशिप, बेंटली, रूनी आणि ॲली यांनी भूकंपलहरींच्या साहाय्याने बर्फाखाली पाण्याने भरलेला, काही मीटर जाड, मऊ थर असल्याचं दाखवलं. थोड्याच वर्षांत एंगेलहार्ट आणि काम्ब यांच्या तुकडीने गरम पाण्याच्या झोताने बर्फाला आरपार भोक पाडून त्या थराचा नमुनाच वर काढला. धोंडे, रेती, चिकणमाती, सगळं एकत्र. तालचेरचाच भाऊ, फक्त ओला.

या चिखलाची ताकद कुठे जाते ते असं. एक किलोमीटर बर्फाचं वजन दर चौरस मीटरवर सुमारे 900 टन पडतं. जमिनीतली ऊब, घर्षण आणि दाब यांनी बर्फाचं बूड वितळत राहतं आणि पाणी चिखलाच्या कणाकणांत कोंडतं. बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते जवळजवळ सगळं वजन स्वतः पेलतं. कणांनी एकमेकांना घट्ट दाबून धरायचं, तर त्यांच्या वाट्याला वजनच उरत नाही. मृगाच्या पावसानंतर काळ्या रानात भरली बैलगाडी घातलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. तीच जमीन चैत्रात दगड असते आणि आता चाकाखालून सरकते. माती बदललेली नसते, तिच्यातलं पाणी बदललेलं असतं.

पुढे वाद झालाच. हा चिखल घट्ट पाकासारखा सगळाच्या सगळा हळूहळू वाहतो, असं बोल्टन यांच्या मांडणीत होतं. काम्ब यांच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या सांगत होत्या की तो एका मर्यादेपर्यंत टिकतो आणि ती ओलांडली की एखाद्या पातळ पातळीवर तुटून सरकतो. आज पारडं काम्ब यांच्या बाजूला झुकलेलं आहे. पण चिखल केवळ भराव आहे, असं आता कुणी म्हणत नाही. पश्चिम अंटार्क्टिकाचं बर्फ किती वेगाने समुद्रात जाईल आणि मुंबईच्या किनाऱ्याला पाणी किती चढेल, याचा हिशोब याच चिखलापाशी येऊन अडतो. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याच्या मुरगाव बंदरातून निघाली, ती ज्या किनाऱ्यावर उतरली तो पूर्व अंटार्क्टिकाचा. गोंडवनाच्या काळात भारतीय भूमी त्या खंडाला लागूनच होती. एका अर्थी ती शेजारघरची भेट.

चिखलाचं हे वागणं कळल्यावर इरईकडे पुन्हा पाहिलं की दगडाचा अर्थ वेगळा लागतो. फरशीवरचे ओरखडे हा पहिला अंक. तेव्हा बर्फ आणि चुनखडी यांच्यामध्ये चिखल फारसा नव्हता. बुडात रुतलेले धोंडे थेट दगडावर ओढले जात होते. या घासण्यातूनच पीठ तयार झालं, फुटक्या कपारींतून नवे धोंडे उपटले गेले, आणि दोन्ही मिळून चिखलाचा थर साचत गेला. मग फरशीचं घासणं थांबलं, कारण आता चिखलच गादीसारखा मध्ये आला. सरकणाऱ्या चिखलात लांबट धोंडे वळून बर्फाच्या दिशेला लागतात, मऊ रेतीचे पट्टे ताणले जातात, दुमडतात, तुटतात. असा थर ओळखायला आज भूवैज्ञानिक एकेका गोट्याचा लांब अक्ष होकायंत्राने मोजतात. काम अत्यंत कंटाळवाणं, पण दिशा कळते ती त्यातूनच.

नंतर बर्फ मागे हटलं. वितळलेल्या पाण्याची सरोवरं झाली. त्यांच्या तळाशी हिरवी चिकणमाती बसली, जिचा खडक आज सुयांसारख्या ढलप्यांत फुटतो. तरंगत्या बर्फातून सुटलेला एखादा धोंडा वरून पडून त्या पातळ थरांना खाली दाबून बसलेला दिसतो. रेतीच्या खडकात गुलाबी फेल्डस्पारचे कण ताजेतवाने आहेत. उष्ण, दमट हवेत फेल्डस्पार कुजून माती होतो. इथे थंडीने त्याला जपलं. काही ठिकाणी समुद्र आत शिरला. मध्य प्रदेशात उमरियाला 1921 मध्ये के. पी. सिनोर यांना त्या समुद्रातले शिंपले मिळाले, आणि पुढे छत्तीसगडात मनेंद्रगडलाही तसेच सापडले. हवा आणखी निवळली तेव्हा दलदलीत ग्लोसॉप्टेरिस या वनस्पतीची रानं माजली. त्यांचाच कोळसा झाला.

गेवराई-माजलगावच्या शिवेवरून जाणाऱ्या गोदावरीला पुढे सिरोंच्यापाशी प्राणहिता येऊन मिळते. प्राणहितेत वर्धेचं पाणी असतं आणि वर्धेत पैनगंगेचं. बीडमधून ताडोब्याचे वाघ बघायला जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी चंद्रपूरहून अर्धा दिवस काढून, नदीचं पाणी उतरल्यावर, इरईच्या बाजूला जाऊन यावं. फोटो काढताना ओरखड्यांशेजारी पेन किंवा नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. हातोडा मात्र नेऊ नका. नमुना म्हणून काढलेला एक ढलपासुद्धा ती रेघ कायमची पुसून टाकतो.